व्हायरस आलाय, फॉरमॅट मारू का? : मालवेअरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानाच्या काउंटरवर आणि रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका जागी केले आहेत. निम्म्या प्रश्नांच्या शेवटी एकच वाक्य असतं : "फॉरमॅट मारू का?" फॉरमॅटने कधी सगळं सुटतं, कधी काहीच सुटत नाही, आणि कधी वाचण्यासारखा डेटा आपल्याच हाताने जातो. दुखणं कुठलं आहे हे कळल्याशिवाय फॉरमॅटला हात लावू नका. तुमचा प्रश्न शोधा, तेवढंच उत्तर वाचलंत तरी चालेल.

१. व्हायरस आणि मालवेअर वेगळं असतं का? आम्ही तर सगळ्याला व्हायरसच म्हणतो.

मालवेअर हे सगळ्या कुळाचं नाव, व्हायरस हा त्यातला एक. व्हायरस दुसऱ्या फाइलला किंवा डिस्कच्या सुरुवातीच्या भागाला चिकटतो आणि कोणीतरी ती फाइल किंवा डिस्क वापरली की पसरतो. १९८६ चा 'ब्रेन' असाच होता. लाहोरच्या दोन भावांनी तो लिहिला, त्यात आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला, आणि तो फ्लॉपीतून फ्लॉपीत जगभर गेला. वर्मला अशी कोणाची मदत लागत नाही, तो नेटवर्कवरून आपला आपण पुढे सरकतो. २ नोव्हेंबर १९८८ ला सुटलेल्या मॉरिस वर्मने तेव्हाच्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं अडवली होती. ट्रोजन मात्र कामाच्या वस्तूचं सोंग घेऊन येतो आणि आपणच त्याला आत घेतो.

ही तीन नावं तो आत कसा येतो ते सांगतात. रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारं), स्पायवेअर (पाळत ठेवणारं), ॲडवेअर (जाहिराती दाखवणारं) ही नावं आत आल्यावर तो काय करतो ते सांगतात. म्हणून एकाच मालवेअरला दोन्ही नावं लागू शकतात. २०१७ चा वॉनाक्राय पसरायला वर्म होता आणि पैसे मागायला रॅन्समवेअर.

२. कॉम्प्युटर स्लो झाला म्हणजे व्हायरसच ना?

बहुतेक वेळा नाही. माझ्याकडे 'व्हायरस आलाय' म्हणून येणाऱ्या संथ मशीनमध्ये जुनी हार्ड डिस्क थकलेली असते किंवा रॅम कमी पडत असते. टास्क मॅनेजर उघडा. काही न करताही डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर आधी डिस्क तपासून घ्या.

खरी शंका घ्यावी अशी लक्षणं वेगळी आहेत : अँटिव्हायरस आपोआप बंद झालाय आणि चालूच होत नाही, ब्राउझरचं पहिलं पान किंवा सर्च बदललाय, तुम्ही न पाठवलेले मेल सेंटमध्ये दिसतात, मशीन नुसती पडून असताना पंखा जोरात फिरतो (कोणीतरी तुमच्या विजेवर क्रिप्टोचलन काढत असू शकतं). सगळ्यात जास्त नुकसान करणारा प्रकार मात्र काहीच लक्षण दाखवत नाही. तो प्रश्न ७ मध्ये आहे.

३. पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत. फोटो गेले का?

गेलेले नाहीत. फक्त लपलेले आहेत. फॉरमॅट मारलात तर मात्र खरंच जातील.

हा प्रकार झेरॉक्सच्या दुकानातून, शाळेच्या लॅबमधून, सायबर कॅफेतून येतो. तो तुमच्या खऱ्या फोल्डरांना 'हिडन' आणि 'सिस्टिम' अशा दोन खुणा लावतो, म्हणजे विंडोज ते दाखवत नाही. मग त्याच नावाचे, फोल्डरचंच चित्र असलेले शॉर्टकट तयार करतो. तुम्ही शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी त्याचा कोड चालतो आणि लगेच तुमचा खरा फोल्डरही उघडतो. सगळं नेहमीसारखं दिसतं, म्हणून महिनोन् महिने कोणाला पत्ता लागत नाही.

आधी पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. १६ जीबीचा ड्राइव्ह वरवर रिकामा दिसतोय, पण ११ जीबी वापरलेले दाखवतोय, तर फोटो आत आहेत. स्वच्छ कॉम्प्युटरला लावून स्कॅन करा, शॉर्टकटवर क्लिक करू नका. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा आणि फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढा. फोल्डर फिकट रंगात दिसू लागतील. काही वेळा नाव नसलेला एकच फोल्डर दिसतो आणि सगळं त्याच्या पोटात असतं. आपल्या फाइली कॉपी करून घ्या. त्यानंतर पेनड्राइव्ह खुशाल फॉरमॅट करा.

दुकान नवीन असताना एका शिक्षकांचा पेनड्राइव्ह मी न बघता फॉरमॅट केला होता. त्यात त्यांच्या वर्गाचे तोंडी परीक्षेचे गुण होते. ते काही बोलले नाहीत, पण पुढचे दोन दिवस वह्यांवरून पुन्हा गुण भरत बसले. तेव्हापासून प्रॉपर्टीज उघडल्याशिवाय मी फॉरमॅटच्या बटणापर्यंत जात नाही.

पेनड्राइव्ह साफ झाला तरी ज्या मशीनमधून हे आलं ती साफ केली नाही, तर उद्या परत तेच.

४. फाइल पीडीएफ होती, मग त्यातून व्हायरस कसा आला?

बहुतेक ती पीडीएफ नव्हतीच. विंडोज नावाचा शेवटचा तुकडा, म्हणजे एक्स्टेंशन, आपण होऊन लपवतं. 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' अशी फाइल तुम्हाला 'बिल.पीडीएफ' एवढीच दिसते. मे २००० मध्ये फिलिपाइन्समधून निघालेला 'आय लव्ह यू' याच युक्तीवर जगभर पसरला. लोकांना टेक्स्ट फाइलीतलं प्रेमपत्र दिसत होतं, प्रत्यक्षात ती व्हीबीएस स्क्रिप्ट होती. व्ह्यूमध्ये 'फाइल नेम एक्स्टेंशन्स' आजच चालू करा. ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस, जेएस, बॅट, एलएनके ही अक्षरं शेवटी दिसली तर ते कागदपत्र नाही, चालणारा प्रोग्राम किंवा शॉर्टकट आहे. फोनवर हीच जागा एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप इन्स्टॉल करण्याची फाइल, घेतं.

५. मामांच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली, एपीके होती. उघडली. आता?

हा प्रश्न लग्नसराईत रोज येतो. पत्रिका म्हणून, आरटीओचं चलन म्हणून, बँकेची केवायसी म्हणून. नंबर ओळखीचा असतो, कारण मामांचा फोन तुमच्या आधी या जाळ्यात सापडलेला असतो आणि त्यांच्या संपर्क यादीतल्या सगळ्यांना तीच फाइल गेलेली असते. मामांवर चिडू नका, त्यांना फोन करून सांगा.

नुसती आली असेल किंवा डाउनलोड झाली असेल, पण इन्स्टॉल केली नसेल, तर डिलीट करा. विषय संपला.

इन्स्टॉल केली असेल तर हे ॲप बहुधा एसएमएस वाचण्याची आणि ॲक्सेसिबिलिटीची (पडद्यावरचं वाचण्याची आणि तुमच्या वतीने बटणं दाबण्याची) परवानगी मागून घेतं. तुमचे ओटीपी तिकडे जातात आणि चोर तिथून व्यवहार करतात. ॲपचं चित्रही पडद्यावरून गायब होतं. अशा वेळी हा क्रम पाळा :

आधी वायफाय आणि डेटा बंद. मग सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी त्या बाधित फोनवर पोचणारच नाहीत. त्या साध्या फोनवरून बँकेला फोन करून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड बंद करायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे जितक्या लवकर पोचाल तितकी रक्कम मधल्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. '##००२#' डायल केलं की कोणी लावून ठेवलेलं कॉल फॉरवर्डिंगही निघतं.

मग फोनकडे वळा. सेफ मोडमध्ये सुरू करून सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीतून ते ॲप काढा. निघत नसेल तर 'डिव्हाइस ॲडमिन' आणि ॲक्सेसिबिलिटीमधून आधी त्याचा अधिकार काढून घ्या. ज्या फोनवर बँकेचं ॲप आहे, तो मी शेवटी फॅक्टरी रीसेटच करायला सांगतो. फोनच्या बाबतीत फॉरमॅटवर माझा भरवसा आहे, फक्त तो क्रमात शेवटी यावा.

खरी पत्रिका फोटो, पीडीएफ किंवा व्हिडिओ असते. ती बघायला काही इन्स्टॉल करावं लागत नाही. चलनाची शंका असेल तर परिवहनच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः गाडीचा नंबर टाकून बघा.

६. सगळ्या फाइलींच्या नावापुढे चार विचित्र अक्षरं लागलीत, एकही उघडत नाही, आणि एक टेक्स्ट फाइल डॉलर मागतेय.

हे रॅन्समवेअर. आधी नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा, आणि बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर ती ओढून काढा. फॉरमॅट करू नका. धमकीची टेक्स्ट फाइलही पुसू नका, उत्तर तिच्यातच असू शकतं.

घरगुती मशीनवर हे दिसलं तर पहिला संशय 'स्टॉप' उर्फ 'डीजेव्हीयू' या घराण्यावर घ्या. ते जवळजवळ नेहमी क्रॅक केलेल्या, म्हणजे परवाना तोडून फुकट केलेल्या, सॉफ्टवेअरमधून येतं. आमच्याकडे आलेल्या बहुतेकांनी मराठी डीटीपी, फोटो एडिटिंग किंवा अकाउंटिंगचं क्रॅक डाउनलोड केलं होतं, आणि त्यातल्या सूचनेप्रमाणे अँटिव्हायरस स्वतःच बंद केला होता. हे मालवेअर पडद्यावर विंडोज अपडेटचं खोटं चित्र दाखवतं आणि तेवढ्या वेळात फाइलींना कुलपं लावतं. मागणी ९८० डॉलरची, ७२ तासांत दिलेत तर निम्मी, ४९०.

हे कुलूप लावताना त्या मालवेअरला आपल्या सर्व्हरकडून नवी किल्ली हवी असते. सर्व्हर मिळाला तर फक्त तुमच्यासाठी वेगळी किल्ली बनते, आणि ती त्यांच्याकडेच राहते. सर्व्हर मिळाला नाही तर ते पोटातली ठरावीक किल्ली वापरतं, जी त्या आवृत्तीच्या सगळ्या बळींना सारखीच असते. टेक्स्ट फाइलीतला तुमचा आयडी शेवटी 'टी१'वर संपत असेल तर ठरावीक किल्ली लागली आहे. मग एम्सीसॉफ्ट या सुरक्षा कंपनीच्या मोफत साधनाने फाइली सुटण्याची आशा आहे. २०१९ च्या ऑगस्टआधीच्या जुन्या आवृत्त्यांसाठी तर ती आणखी जास्त आहे.

किल्ली नाही मिळाली तरी एक दरवाजा उघडा राहतो. हे घराणं घाईत असतं, म्हणून प्रत्येक फाइलचा फक्त पहिला सुमारे १५० केबी भाग बिघडवतं. छोटा फोटो किंवा वर्डचं पत्र त्यात बरंच संपतं, पण लग्नाचा दोन जीबीचा व्हिडिओ जवळपास सगळा शाबूत असतो. त्याच कॅमेऱ्याची चांगली फाइल नमुन्याला असेल तर दुरुस्तीच्या साधनांनी असे व्हिडिओ परत चालू होऊ शकतात. मोठ्या झिपमधले सुरुवातीचे सोडून बाकीचे फोटोही बऱ्याचदा निघतात. फॉरमॅट केलेल्या डिस्कवर यातलं काहीच करता येत नाही.

इतर घराण्यांसाठी 'नो मोअर रॅन्सम' हे ठिकाण बघा. २०१६ मध्ये युरोपोल (युरोपीय संघाची पोलिस संस्था), डच पोलिस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी मिळून ते सुरू केलं. तिथे एक बाधित फाइल टाकली की कुठलं रॅन्समवेअर आहे आणि किल्ली आहे का, ते कळतं. आज किल्ली नसली तरी ती डिस्क नाव घालून कपाटात ठेवा. टोळी पकडली गेल्यावर किल्ल्या बाहेर आल्याची उदाहरणं आहेत.

पैसे द्यावेत का? माझं उत्तर नाही. दिल्यावर फाइली मिळतीलच याचा भरवसा कोणी देत नाही. २०१७ च्या नॉटपेट्या या मालवेअरमध्ये तर किल्ली परत मिळण्याची सोयच नव्हती, पैसे देणाऱ्यांच्याही फाइली गेल्या.

डीजेव्हीयूसोबत बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा साथीदारही येतो. म्हणून पुढचं उत्तरही वाचा.

७. मी लगेच फॉरमॅट मारला, तरी दोन दिवसांनी माझं इन्स्टाग्राम गेलं. असं कसं?

कारण चोरी फॉरमॅटच्या आधीच झाली होती. या प्रकाराला इन्फोस्टीलर म्हणतात. तो मशीनमध्ये घर करत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी काही मिनिटांत गोळा करून पाठवतो, आणि कधी कधी स्वतःला पुसूनही टाकतो. रिकाम्या घराला कुलूप लावण्यासारखा तो फॉरमॅट झाला.

यात कुकी समजून घ्या. लॉगिन झाल्यावर साइट तुमच्या ब्राउझरला कुकी देते. देवळात दर्शनाचा पास हातात असला की पुढच्या दारावर नाव विचारत नाहीत, तसंच हे. चोराने पास उचलला की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. म्हणून 'टू स्टेप चालू होतं तरी कसं गेलं' असं लोक विचारतात.

उपाय दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून करायचा. पहिल्यांदा ईमेल, कारण बाकी सगळ्यांच्या चाव्या तिथे आहेत. 'सर्व डिव्हाइसवरून साइन आउट' करा, म्हणजे जुने पास रद्द होतील, आणि मग पासवर्ड बदला. रिकव्हरीचा नंबर आणि मेल फॉरवर्डिंग कोणी बदललंय का ते बघा. नंतर बँक, मग सोशल मीडिया. बाधित मशीनवर बसून नवा पासवर्ड टाकलात तर तोही जाईल. हे सगळं झालं की मशीन फॉरमॅट करा, इथे ते योग्यच आहे.

८. 'मी रोबोट नाही' सिद्ध करायला विंडोज बटण आणि आर दाबायला सांगितलं. दाबलं. काही झालं असेल का?

आरनंतर कंट्रोल-व्ही आणि एंटरही दाबलं असेल, तर हो, झालंय असंच धरा. त्या पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते. तुम्ही ती रनच्या चौकटीत पेस्ट करून स्वतःच्या हाताने चालवता. २०२४ पासून ही युक्ती फार बोकाळली आहे. तुम्ही कुठलीही फाइल उघडलेली नसते, म्हणून अँटिव्हायरस गप्प राहू शकतो. बहुधा इन्फोस्टीलरच येतो, तेव्हा थेट प्रश्न ७ कडे जा. फक्त चौकट उघडून बंद केली असेल तर काळजी नाही. खरा कॅप्चा कधीही कीबोर्डवर असली बटणं दाबायला सांगत नाही.

९. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत, या नंबरवर फोन करा' असं मोठ्या आवाजात येतंय.

ते नुसतं वेब पान आहे. एस्केप काही वेळ दाबून धरा, मग ऑल्ट-एफ४. नाहीच बंद झालं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. फोन करू नका, आणि केला असेल तर त्यांनी सांगितलेलं रिमोटचं ॲप टाकू नका. कोपऱ्यात सारख्या अशा पाट्या येत असतील तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनला परवानगी दिलेल्या साइट बघा आणि अनोळखी सगळ्या काढा. यासाठी फॉरमॅटचे पैसे घेणारी दुकानं मला माहीत आहेत, आणि त्याचं वाईट वाटतं.

१०. विंडोजचा फुकटचा डिफेंडर चालेल की विकतचा घेऊ?

घरी एक-दोन मशीन असतील, विंडोज वेळच्या वेळी अपडेट होत असेल आणि क्रॅक वापरत नसाल, तर डिफेंडर पुरतो. ऑफिसात दहा-पंधरा मशीन असतील तर सगळ्यांवर एका जागेवरून लक्ष ठेवता येणारा विकतचा घ्या. पुण्यात काटकर बंधूंनी दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी केली, तेव्हा विंडोजमध्ये आतून काहीच संरक्षण नसायचं. तो काळ आता बदलला आहे. दोन अँटिव्हायरस मात्र एकत्र टाकू नका, ते एकमेकांच्या कामात अडथळे आणतात. बॉटपासून (दुसऱ्याच्या हुकुमावर गुपचूप चालणाऱ्या मालवेअरपासून) मशीन साफ करण्याची मोफत साधनं सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडेही मिळतात.

११. अपडेटला एवढं नेट जातं, नाही केलं तर काय बिघडतं?

मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. १२ मे रोजी वॉनाक्राय त्याच भोकातून शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांतल्या दोन लाखांहून जास्त मशीनपर्यंत गेला. ब्रिटनमध्ये रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. दोन महिने अपडेट हाताशी होतं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा जुन्या मशीनवर बँकेची कामं करणाऱ्यांनी याचा विचार लवकर करावा.

१२. पण अपडेटमधूनच मालवेअर आलं तर?

येतं, आणि आलंही आहे. नॉटपेट्या २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला. तिथून मर्स्क या जहाज कंपनीत गेला आणि तिच्याच समूहाकडे असलेलं आपल्या जेएनपीटीमधलं टर्मिनलही ठप्प झालं. कीव्हमधल्या सॉफ्टवेअरची झळ उरणच्या कंटेनरांच्या रांगेला लागली. तरीही अपडेट थांबवण्यात जास्त धोका आहे. अशा वेळी हाताशी उरतो तो बॅकअप.

१३. आमची छोटी पतसंस्था, आमच्याकडे कोण येणार? आणि बॅकअप तर रोज होतो.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये मालवेअरच्या साहाय्याने सुमारे ९४ कोटी रुपये गेले. जुलै २०२४ च्या अखेरीस बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर आलं आणि देशातल्या जवळपास ३०० लहान बँकांची पेमेंट यंत्रणा तात्पुरती तोडावी लागली. त्यातल्या कित्येक सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. त्यांच्यावर थेट कोणी चालून आलं नव्हतं.

बॅकअपचं म्हणाल तर एकच विचारतो : ती डिस्क कायम मशीनला जोडलेली असते का? असेल तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतं. दोन डिस्क ठेवा, आलटूनपालटून वापरा, एक कायम तिजोरीत. आणि महिन्यातून एकदा त्यातली एक फाइल खरोखर उघडून बघा. क्लाउडवर कुलूप लागलेली फाइलही चढते, पण बहुतेक सेवा जुन्या आवृत्त्या काही दिवस ठेवतात. त्या मुदतीत मागे जाता येतं. संस्थांनी अशी घटना कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं, असा २०२२ पासून नियम आहे.

१४. मॅकला येत नाही म्हणतात, खरं?

नाही. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक या मालवेअरने सुमारे सहा लाख मॅक पकडले होते. प्रश्न ७ मधले चोर मॅकसाठीही बनतात.

१५. व्हायरसने हार्डवेअर जळतं का?

जळत नाही, पण क्वचित निकामी होतं. तैवानमधल्या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच हा व्हायरस २६ एप्रिल १९९९ ला जागा झाला आणि मदरबोर्डवरची बायोस (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) पुसून गेला. चिप बदलल्याशिवाय अशी मशीन सुरूच होत नव्हती. २०१० मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेट या वर्मने इराणच्या नतांझ अणुकेंद्रातले सेंट्रिफ्यूज (युरेनियमसाठीची वेगाने फिरणारी यंत्रं) वेग बदलून बिघडवले. तुमचा लॅपटॉप तापतोय तो बहुधा धुळीने.

१६. फॉरमॅट मारूनही तेच परत येतं. मदरबोर्डमध्ये व्हायरस आहे का?

असू शकतो, पण अगदी दुर्मीळ. २०१८ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने शोधलेला लोजॅक्स हा मालवेअर बोर्डावरच्या यूईएफआय चिपमध्ये (जिथे मशीन सुरू करणारा प्रोग्राम असतो) बसायचा, तिथे फॉरमॅट पोचत नाही. तो निवडक सरकारी यंत्रणांवर सोडलेला होता. आपल्याकडे परत येण्याची कारणं साधी असतात : तोच बाधित पेनड्राइव्ह परत लावला, तेच क्रॅक परत टाकलं, किंवा क्रोममध्ये लॉगिन केल्याबरोबर सिंकने (खात्यातल्या सेटिंग आपोआप परत आणणाऱ्या सोयीने) ते जुनं वाईट एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेलं छोटं साधन, परत आणून बसवलं. या तिसऱ्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. गेल्या महिन्यात एका मुलीचा लॅपटॉप तीन वेळा फॉरमॅट होऊन माझ्याकडे आला, तिन्ही वेळा विंडोज चांगलं होतं आणि एक्स्टेंशन तेच होतं.

फॉरमॅटनंतर क्रोममध्ये लॉगिन करताना सिंक बंद ठेवा. दुसऱ्या स्वच्छ मशीनवर त्याच खात्यातल्या एक्स्टेंशनची यादी उघडा, तुम्ही स्वतः टाकलेलं आठवत नाही ते प्रत्येक काढा, आणि मगच सिंक चालू करा.